ज्याला नाव नाही तो

नमस्कार श्रोतेहो.

भुताच्या गोष्टीत ‘भूत’ हा शब्दच आला नाही तर? तुम्ही म्हणाल, मग कळणार कसं? कळतं. उलट जास्तच कळतं, आणि आज मला तेच सांगायचंय.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा चित्रपट. उठून चालू लागलेल्या प्रेतांचे आज जेवढे चित्रपट निघतात, त्या सगळ्यांचा हा मूळपुरुष. पण त्यात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही कुणाच्या तोंडी येत नाही. कॅथरिन बिगलो यांच्या १९८७ सालच्या ‘निअर डार्क’मध्ये रक्त पिणारी एक अख्खी टोळी आहे, तिथेही ‘व्हॅम्पायर’ म्हणून कुणी म्हणत नाही. कारण साधं आहे. नाव आलं की पाठोपाठ उतारा येतो. व्हॅम्पायर म्हटलं की लसूण, क्रूस, लाकडाची खुंटी. नाव कळलं की उतारा कळतो, आणि उतारा कळला की भीती निम्मी होते.

आता माझी लाडकी हकीकत सांगतो.

१८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी छापून आली, तेव्हा पुस्तकावर लेखिकेचं नाव नव्हतं. आणि आत जो जन्माला घातलेला जीव आहे, त्यालाही नाव नव्हतं. फ्रँकेन्स्टाइन हे त्याला घडवणाऱ्याचं नाव, हे लक्षात असू द्या. घडवणारा त्याला सैतान म्हणतो, नीच म्हणतो, पण त्याचं बारसं काही करत नाही.

पाच वर्षं गेली. १८२३चा ऑगस्ट. मेरी शेली इटलीहून लंडनला परतली. नवरा आदल्या वर्षी समुद्रात बुडून गेलेला, हाताशी लहान मुलगा. येऊन पाहते तो काय, तिच्याच कथेवर रिचर्ड पीक नावाच्या नाटककारानं नाटक बसवलेलं आणि ते गाजतंय! २९ ऑगस्टला, म्हणजे सव्विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, वडिलांना घेऊन ती नाटकाला गेली. हातात जाहिरातीचा कागद आला. त्यावर पात्रांची यादी, पात्रासमोर नटाचं नाव. वाचता वाचता ती एका ओळीवर थबकली. नट होता टी. पी. कुक. आणि भूमिका? भूमिकेच्या जागी नुसती रेघ. नाव नाही, रेघ!

तिला ते फार आवडलं. ज्याला नाव देता येत नाही त्याला असं बिननावाचं नाव देणं छान जमलंय, अशा अर्थाचं तिनं ली हंट या मित्राला पत्रातून कळवलं. कुकच्या कामाचंही तिनं कौतुक केलं. नाटकात तो जीव मुका आहे. कानावर पडणारे सूर तो हातानं पकडायला बघतो. डोळ्यांसमोर आणा ते. संगीत वाजतंय, आणि एक धिप्पाड देह हवेत बोटं मिटतोय, आवाज मुठीत येईल म्हणून. जो आवाज मुठीत धरू पाहतो, त्याला हाक कुठल्या नावानं मारणार?

जाता जाता एक सांगतो, हे माझं जुनं मत आहे. भयकथेच्या मुखपृष्ठावर तो प्राणी छापूच नये. लेखक दोनशे पानं त्याला अंधारात ठेवतो आणि मुखपृष्ठ दुकानातच सगळं उघडं करतं. चित्रच हवं असेल तर बंद दाराचं काढा. या बाबतीत रेडिओ भाग्यवान, इथे चेहरा दाखवताच येत नाही.

तर, ती रेघ. लोकांना ती सोसली नाही. रिकामी जागा बघवेना, म्हणून घडवणाऱ्याचंच नाव त्या बिचाऱ्याला चिकटवलं. पुन्हा सांगतो, फ्रँकेन्स्टाइन तो नव्हे.

१९३१ साली यावर बोलपट आला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत उलटा प्रकार आहे: भूमिकेचं नाव ‘द मॉन्स्टर’, आणि नटाच्या जागी प्रश्नचिन्ह. प्रेक्षक चित्रपटभर विचार करत राहणार, हा आहे तरी कोण? पण मला ती जुनी रेघच प्यारी. तिथे कुक लपला नव्हता, लपला होता तो जीव. बोलपटानं तर प्रश्नचिन्हही टिकवलं नाही. शेवटी यादी पुन्हा येते, आणि त्यात नटाचं नाव सरळ छापलेलं आहे: बोरिस कार्लॉफ.