कार्यालयाची पावती फाडण्याआधी

(वधू-वर पालकांच्या मेळाव्यात एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सकाळपासून इथे पत्रिका जुळवण्यावर बोलणं झालं. माझ्याकडे माणसं येतात ती पत्रिका जुळल्यानंतर. याद्या झालेल्या असतात, तारीख निघालेली असते आणि हातची जाऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी कोणीतरी मंगल कार्यालयात पैसे भरून आलेलं असतं. पावती मागितली की खिशातून घडी निघते. खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ पैसे भरताना ही ओळ कोणी वाचत नाही. लग्न मोडलं किंवा पुढे गेलं की मात्र तेवढीच वाचतात आणि पैशांवर पाणी सोडतात. माझी तक्रार या पाणी सोडण्याबद्दल आहे.

आपल्याकडचा करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 74 असं सांगतं की, करार मोडल्यास द्यायची रक्कम कागदावर ठरलेली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. ठरलेला आकडा ही फक्त तिची कमाल मर्यादा. 1963 साली फतेहचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीतल्या एका बंगल्याचा व्यवहार होता. विसाराचे 1,000 रुपये विक्रेत्याने ठेवले, ते चाललं. नंतर घेतलेल्या 24,000 बद्दल न्यायालय म्हणालं, हे असे आपोआप जप्त होत नाहीत.

2015 चा कैलाशनाथ खटला तर कार्यालयवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका भूखंडाचा 1982 साली लिलाव झाला. बोली 3 कोटी 12 लाखांची. बोली लावणाऱ्याने त्यातले 25 टक्के, म्हणजे 78 लाख भरले. पुढे व्यवहार रद्द करून प्राधिकरणाने ते जप्त केले आणि तोच भूखंड नंतर 11 कोटी 78 लाखांना विकला. बोली लावणाऱ्याने करार मोडलाच नव्हता, हे निकालाचं एक कारण. दुसरं कारण आपल्या कामाचं: प्राधिकरणाचं नुकसान झालं कुठे? नुकसान नाही तर जप्तीही नाही. 78 लाख व्याजासकट परत करावे लागले.

आता तुमची फेब्रुवारीतली तारीख घ्या. सहा महिने आधी तुम्ही ती सोडली, आठवड्याभरात दुसऱ्या घरच्यांनी घेतली, वर भाडंही वाढवून दिलं. मालकाचं बुडालं काय? म्हणून तारीख सोडलीत तर त्या दिवशी कार्यालयावरून एक चक्कर मारा. प्रवेशद्वारावर कुणाची नावं लागली आहेत त्याचा फोटो काढा. निम्मा खटला त्या फोटोत असतो.

मालकाची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही उद्या उगाच भांडायला जाल. चातुर्मासात हल्ली गौण मुहूर्त काढतात, पण खरी गर्दी तुळशीच्या लग्नानंतर. वर्षाचा खर्च त्याला त्या मोजक्या तारखांत काढायचा असतो. आठ दिवसांवर लग्न आलेलं असताना तुम्ही तारीख सोडली, तर तोवर त्याने चार घरं परत पाठवलेली असतात. त्याने पूर्ण भाडं ठेवलं तर मी तुमची केस घेणार नाही. जेवणाचे पैसे वेगळे. ज्या पानांचा शिधाच भरला नाही, त्यांचे पैसे ठेवायला आधार नाही.

तेव्हा हा हिशेब आधीच कागदावर आणा. किती दिवस आधी सोडलं तर किती कापणार, तारीख पुन्हा गेली तर किती परत देणार आणि घरात सुतक आलं तर तारीख एकदा बदलून मिळेल का. सुतकाचं कलम मी स्वतः प्रत्येक करारात घालतो. अशुभ बोलल्यासारखं वाटतं, बायका डोळे वटारतात, तरी घालतो.

अनामतीची रक्कम ॲडव्हान्सच्या पावतीत मिसळू देऊ नका. ॲडव्हान्स बिलातून वजा होतो. अनामत मोडतोडीसाठी असते आणि कार्य सुरळीत पार पडलं की परत यायची असते. ताबा घेताना विजेच्या मीटरचा आकडा दोघांच्या सहीने लिहा, किल्ल्या देताना पुन्हा लिहा. ताबा कधी मिळणार तेही लिहा. ‘एक दिवस’ म्हणजे मालकाच्या मनात सकाळी सात ते दुपारी चार असतं आणि तुमचं सीमंतपूजन आदल्या संध्याकाळी असतं. बाहेरचा आचारी किंवा डेकोरेटर आणला तर कार्यालय रॉयल्टी मागतं, तिचा आकडा आधी विचारा. कमीत कमी किती पानांचे पैसे द्यावेच लागतील, तेही.

‘रोख द्या, पावती नको, जीएसटी वाचेल’ हे तर सगळ्यांनी ऐकलेलं आहे. कार्यालयाच्या भाड्यावर 18 टक्के लागतो, मोह होतो हे खरं. पण पावती नसेल तर उद्या वाद झाल्यावर ग्राहक आयोगापुढे तुम्ही काय दाखवणार? शिवाय 2017 पासून एका कार्यासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असतो. मालकाला हे हसत हसत सांगा, बँकेचा खातेक्रमांक मिळतो.

2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. पाचशे पानांचं कार्यालय घेतलेल्यांनी तेव्हा करायचं काय? कार्यच अशक्य झालं तर करार कायद्याची कलमं 56 आणि 65 मदतीला येतात, घेतलेला पैसा परत करावा लागतो. पण 25 माणसांत लग्न ‘शक्य’ होतं, मालकांनी तेच धरून ठेवलं. सरकारी निर्बंध आले तर काय, याची एक ओळ लिहिलेली असती तर वाद उभाच राहिला नसता.

वाद झालाच तर आधी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन. मग जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जा. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लग्न गोव्यात ठरलं होतं आणि तुम्ही ठाण्याला राहता, तर तक्रार ठाण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. हे मी वकील असून सांगतोय.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मालक म्हणतो, फॉर्म छापील आहे, त्यात बदल होत नाही.’ अहो, पेन असतं ना? नको ती ओळ खोडा, समासात हवी ती लिहा, दोघांनी तिथे सह्या करा आणि जागेवरच मोबाइलवर फोटो घ्या. तो सही करायला तयार नसेल तर पैसे भरायच्या आधी शेजारच्या कार्यालयात त्याच तारखेची चौकशी करून या.