विटेचा चहा आणि खारं दूध: होहोटची जुनी पेठ

(दृश्य: दाझाओ मंदिराचं महाद्वार. त्याला खेटून निघणारी फरसबंद गल्ली. गर्दी.)

उत्तर चीनमधल्या इनर मंगोलिया या स्वायत्त प्रदेशाची राजधानी, होहोट. शहराच्या जुन्या भागात दाझाओ हे बौद्ध मंदिर आहे आणि मंदिराच्या अंगालाच साइशांग ही जुनी पेठ. दुतर्फा राखाडी विटांची, कौलारू छपरांची, लाकडी दर्शनी भागाची दुकानं. यातली बरीचशी अलीकडे डागडुजी करून उभी केलेली आहेत. पण पेठ इथेच का वसली, ती गोष्ट साडेचारशे वर्षांची आहे. ती समजून घ्यायची तर आधी इथला चहा प्यायला हवा.

(दृश्य: चुलीवर मोठं पातेलं. पळीने उंचावरून ओतला जाणारा चहा.)

विटेसारखा दाबून घट्ट केलेला चहा फोडायचा, पाण्यात उकळायचा, दूध घालायचं आणि साखरेच्या जागी मीठ. पळीने उचलून उचलून पुन्हा पातेल्यात ओतत राहायचा. वाडग्यात येतो तेव्हा सोबत भाजलेलं बारीक भरडधान्य असतं, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या असतात, हुरूद नावाच्या घट्ट छन्याचे तुकडे असतात आणि ‘ओरोम’. ओरोम म्हणजे मंद आचेवर दूध तापवत, पळीने फेस आणत ठेवायचं, रात्रभर हलवायचं नाही आणि सकाळी वर धरलेली जाड साय अख्खीच्या अख्खी उचलून घ्यायची. हे सगळं त्या चहात पडतं आणि सकाळचं खाणं होतं.

आता या वाडग्याकडे नीट पाहा. दूध, मांस, साय हे सगळं गवताळ माळावरचं. चहा मात्र इथला नाही. या थंड, कोरड्या मुलखात चहाचं झुडूप जगत नाही. तो दक्षिणेतून यायचा. धान्य, कापड, लोखंडी कढईसुद्धा बाहेरूनच. मेंढपाळाकडे घोडे, लोकर आणि कातडी भरपूर, पण अदलाबदल करायला बाजार हवा. सोळाव्या शतकात मंगोलांचा अल्तन खान चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या दरबाराकडे हा बाजारच मागत होता. दरबार नकार देत राहिला. १५५० साली खान घोडदळ घेऊन थेट बीजिंगच्या वेशीपर्यंत जाऊन धडकला.

१५७१ साली तह झाला आणि सीमेवर बाजार भरू लागले. घोडे द्या, कापड न्या. लोखंडी कढया देताना मात्र मिंग अधिकारी कचरत असत. त्या वितळवून उद्या शस्त्रं घडवली तर? १५७८ साली अल्तन खान तिबेटी लामा सोनम ग्यात्सो यांना भेटला आणि ‘दलाई लामा’ ही पदवी याच भेटीत दिली गेली. पुढच्या एक-दोन वर्षांत दाझाओ उभं राहिलं. आत चांदीची बुद्धमूर्ती आहे, सुमारे अडीच मीटर उंच.

खान गेल्यावर हा तह टिकवला त्याच्या राणीने, जुंगेन खातूनने. जवळजवळ तीन दशकं तिने सीमेवरचा बाजार चालू ठेवला. पेठेच्या इतिहासात तिचं नाव खानाच्या बरोबरीने घेतलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: दोन वशिंडांच्या उंटांच्या तांड्याची जुनी छायाचित्रं.)

मिंगनंतरच्या छिंग राजवटीत इथून उंटांचे तांडे गोबी वाळवंट ओलांडून आजच्या मंगोलिया देशातल्या उलियास्ताई आणि खोव्दपर्यंत जात. दाशेंगख्वे ही शान्शी प्रांतातल्या व्यापाऱ्यांची पेढी त्यात सर्वांत मोठी. माळावर चहाची वीट नाण्यासारखी चालायची. एका लोकप्रिय विटेवर तीन उभ्या रेघा दाबलेल्या असत आणि मेंढपाळ बोटांनी त्या रेघा चाचपून माल ओळखत. पण हा व्यवहार गोडच होता असं नाही. माल उधारीवर मिळायचा, फेड जनावरांत, आणि व्याज चढत जायचं. कळपच्या कळप पेढ्यांच्या हिशेबात गेले. १९११ साली उत्तरेकडच्या मंगोलांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, त्यामागच्या संतापात या कर्जाचाही वाटा होता. तिकडची बाजारपेठ हातची गेली आणि १९२९ साली दाशेंगख्वे बंद पडली.

(दृश्य: वाफाळत्या टोपल्या.)

भूक लागली असेल तर शाओमाई. मोदकासारख्या कळ्या पाडलेली, पण तोंड उघडं ठेवलेली पातळ पारी. आत मेंढीचं मांस आणि कांद्याची पात. मागताना जपून! इथे वजनाने मागतात आणि ते वजन फक्त कोरड्या पारीचं असतं, सारणाचं नाही. एक लियांग, म्हणजे ५० ग्रॅम म्हटलं की आठ नग समोर येतात. एका माणसाला तेवढे पुरतात. सोबत विटेचा चहा, या वेळी बिनदुधाचा, कारण चरबीवर तोच बरा.

(दृश्य: हस्तकलेची दुकानं.)

कारागिरीच्या दुकानांत साच्यातला मालही ढिगाने आहे, म्हणून थांबून पाहावं लागतं. मला सर्वांत आवडलं ते एकाच म्यानातलं सुरी आणि चॉपस्टिक्सचं जोडपं. सुरी मांस कापायला, काड्या भाताला. मेंढपाळ आणि शेतकरी एका कमरपट्ट्याला लटकलेले. आतून चांदी मढवलेले लाकडी वाडगे आहेत, लोकर ओली करून, गुंडाळून, दाबून केलेले नमदे आहेत. आणि मोरिन खूर, घोड्याच्या डोक्याची, घोड्याच्याच केसांच्या दोन तारांची. २००३ साली युनेस्कोने हे वाद्य मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं.

दुकानांच्या पाट्यांवर चिनीबरोबर मंगोल लिपी दिसते, वरून खाली उतरणारी. मंगोलिया देशात विसाव्या शतकात सिरिलिक लिपी आली. ही उभी लिपी रोजच्या वापरात टिकली ती इथे. २०२० साली इथल्या शाळांत काही विषय मंगोलऐवजी चिनीतून शिकवायचा निर्णय झाला, तेव्हा पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं थांबवून निषेध केला. पाटीवर असलेली लिपी वाचणारी मुलंही असायला हवीत. पाहुणा म्हणून फिरताना हे नजरेआड करू नये.

(दृश्य: पेठेबाहेरचा रुंद रस्ता. दुधाचे टँकर.)

चीनमधल्या दोन सर्वांत मोठ्या दूध कंपन्या, यिली आणि मंगन्यू, दोन्हींची मुख्यालयं आज होहोटमध्येच आहेत. एके काळी दक्षिणेतून चहा इकडे यायचा. आता इथलं दूध पिशव्यांतून आणि खोक्यांतून देशभर जातं, आणि पेठेतली दुकानं अजून हुरूद लाकडी साच्यात दाबून विकतात.