हत्तीला घाम फुटू नये म्हणून

गुरुवार, रात्रीचे साडेदहा. ठाणे, घोडबंदर रोड, एका सोसायटीचा सहावा मजला. बाहेर जुलैचा पाऊस. भांडी घासून झालीत, ओटा कोरडा पुसलाय आणि आता या स्वयंपाकघराची दुसरी पाळी सुरू होते: ताई घरून केक करून विकतात. रविवारी ऐरोलीत एका मुलाचा पाचवा वाढदिवस आहे. केक २ किलोचा, एगलेस. वरून निळं फॉन्डंट (केकवर लाटून घालायची साखरेची कणीक) आणि त्यावर बसलेला, त्याच कणकेचा करडा हत्ती.

हत्ती मात्र गेल्या रविवारीच तयार झालाय. फॉन्डंटमध्ये जराशी सीएमसी पावडर (डिंकासारखी घट्ट करणारी भुकटी) मळली की ते कडक वाळतं, पण या हवेत सोंड वाळायला पाच-सहा दिवस सहज जातात. तो फ्रीजमध्ये नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, गोळ्यांच्या डब्यांतून जमवलेल्या.

फॉन्डंट म्हणजे शेवटी साखरच. पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, थोडं ग्लिसरीन, घट्टपणासाठी जिलेटिन. शाकाहारी गिऱ्हाईक असेल तर त्याऐवजी अगर-अगर. आणि साखर हवेतलं पाणी ओढते. संक्रांतीच्या हलव्याला काटा कधी येतो, घरातल्या आजीला विचारा. कोरड्या थंडीत! वाढदिवस काही संक्रांत बघून येत नाहीत.

आज फक्त स्पंज. भाजायचा, पूर्ण गार करायचा, क्लिंग रॅपचे दोन वेढे देऊन फ्रीझरमध्ये टाकायचा. अर्धवट गोठलेला स्पंज कापायलाही बरा, चुरा पडत नाही.

शुक्रवारी थर लागतात, बाहेरून गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण. गिऱ्हाईकाचा हट्ट बहुतेकदा व्हिप क्रीमचा असतो; तिथे ताई ऐकत नाहीत, आणि बरोबरच करतात. क्रीमला फॉन्डंटचं वजन पेलवत नाही. त्यातलं पाणी साखर शोषते आणि केकला मधेच पोट सुटतं. गनाशला एरवी डार्क चॉकलेट २ भाग आणि क्रीम १ भाग. अशा हवेत चॉकलेट अडीच भाग. घट्ट बसलेल्या गनाशवर बोट टेकवलं तर ठसा उमटत नाही. तेवढं झालं की पाया पक्का.

शनिवार. गार केकवर फॉन्डंट घातलं तर आतली हवा फुगून फोड येतात, म्हणून केक आधी तासभर एसीच्या खोलीत. ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरलं जातं. जाडी ४ मिलिमीटर. पोळीसारखं पातळ लाटलं तर कडेला फाटतं. हा बघा, डाव्या बाजूला एक फोड आलाच. ताई टाचणी तिरकी टोचतात, हवा अंगठ्याने हळूच दाबून काढतात आणि भोकावरून स्मूदर, म्हणजे गुळगुळीत करायची सपाट पट्टी, फिरवतात. कुठे होतं, आता कॅमेऱ्यालाही सापडत नाही.

आत नुसतं गनाश असतं तर केक रात्रभर एसीत राहिला असता. पण मधल्या थरात अननस आहे, म्हणजे फ्रीज आलाच. दोन वर्षांपूर्वी ताईंनी असाच एक केक फ्रीजमध्ये उघडा ठेवला होता. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटांत तो घामाने निथळला आणि फॉन्डंटच्या लाल बोचा रंग पांढऱ्या केकवर ओघळला. तेव्हापासून केक पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि खोक्याभोवती क्लिंग रॅप. हत्ती वेगळा.

रविवारी दुपारी विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचल्याची खबर येते. गाडी मुलुंडवरून ऐरोली पुलाने जाते, एसी पूर्ण चालू ठेवून. गिऱ्हाईकाला मेसेज गेलाय: ‘दोन तास खोकं उघडू नका.’ दमट हवा गार वस्तूला लागली की तिच्यातलं पाणी तिथेच थेंब होऊन बसतं. खोकं बंद असलं तर ते थेंब बाहेरच्या प्लास्टिकवर बसतात.

पण घरात एक आजी असतेच. “बघू तरी!” म्हणत त्या झाकणाची कड उचलतात. ताई हसत हसत खोकं पुन्हा बंद करतात. उघडलंच असतं, तर एकच उपाय होता: पंखा लावायचा, पुसायचं नाही, बोट लावायचं नाही.

सात वाजता हत्ती केकवर बसतो, कोरडा ठणठणीत. मग सुरी, टाळ्या, फोटो. पोरं स्पंज आणि गनाश खातात, निळं फॉन्डंट सोलून प्लेटच्या कडेला ठेवतात. ताईंना त्याचं काही वाटत नाही. त्या स्वतःही ते खात नाहीत.