आज काक्षीची प्रत किती?

श्रोतेहो, नमस्कार.

मृग नक्षत्र आपल्यापैकी बहुतेकांना ओळखता येतं. चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि तो बाण मारणारा व्याध. त्या चार पायांतला लालसर तारा म्हणजे काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस. एरवी तो आकाशातल्या दहा सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंगतीत बसतो. २०१९ साल संपता संपता त्याचं तेज उतरायला लागलं. २०२० च्या फेब्रुवारीत तो इतका मंदावला, की शेजारच्या पायाशी, बेलाट्रिक्सशी, त्याची बरोबरी व्हायला लागली. ज्यांना मृग पाठ आहे त्यांना गच्चीवर नुसतं उभं राहून हे कळत होतं.

आता हा तारा फुटणार, अशा बातम्या तेव्हा सगळीकडे आल्या. तो फुटला नाही. त्याच्या पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला होता, आणि ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या वायूतून धुळीचा ढग तयार होऊन तो आडवा आला होता. पण मला त्या हिवाळ्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा तारा पूर्वी कधी एवढा मंद झाला होता का, असा प्रश्न आला, तेव्हा उत्तरासाठी हौशी निरीक्षकांच्या नोंदी उघडाव्या लागल्या. काक्षी इतका तेजस्वी आहे, की मोठ्या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांना तो झेपत नाही. त्याच्यावर शंभरहून अधिक वर्षं नजर ठेवली ती प्रामुख्याने दिवसा आपापली कामं करणाऱ्या आणि रात्री अंगणात उभं राहणाऱ्या माणसांनी.

तेज बदलणाऱ्या अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांच्या नोंदी एकत्र करणारी एक संघटना १९११ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. विल्यम टायलर ऑल्कॉट हे पेशाने वकील. हार्वर्ड वेधशाळेचे एडवर्ड पिकरिंग यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी ती उभी केली. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स हे तिचं नाव. नावात अमेरिका असली तरी जगातला कुणीही माणूस तिथे आपली नोंद देऊ शकतो, आणि तिथे आज कोट्यवधी नोंदी जमा आहेत.

ही नोंद करायची कशी? ताऱ्याच्या तेजाला आपण प्रत म्हणतो. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. अंधाऱ्या ठिकाणी नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. रूपविकारी ताऱ्याच्या आसपासचे, ज्यांची प्रत पक्की ठाऊक आहे असे दोन तारे निवडायचे, एक त्याच्याहून थोडा तेजस्वी आणि एक थोडा मंद. आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं, आणि आकडा, तारीख, वेळ लिहायची. यासाठी जे नकाशे मिळतात, त्यांत प्रतीच्या आकड्यातला दशांशाचा बिंदू मुद्दाम गाळलेला असतो. तो बिंदू एखादा तारा समजला जाईल म्हणून. नकाशावर ५६ लिहिलं असेल तर ५.६ वाचायचं. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं, की तो उगाचच जास्त तेजस्वी भासायला लागतो. म्हणून नजर टाकायची आणि काढून घ्यायची. मागच्या वेळी आपण कोणता आकडा लिहिला होता, तेही आधी पाहायचं नाही. आणि तारा दिसलाच नाही, तरी वही कोरी सोडायची नाही. ‘अमुक प्रतीपेक्षा मंद’ एवढं लिहायचं. तो नव्हता, हीसुद्धा माहितीच असते.

एकट्या माणसाचा अंदाज एकदोन दशांशांनी सहज चुकतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वीस जणांनी वीस ठिकाणांहून प्रामाणिकपणे लिहिलं, की चुका एकमेकींना खोडतात आणि ताऱ्याचा आलेख वर येतो. म्हणून मी आग्रहाने सांगतो, की आकाश पाहणं एकट्याने होतं, पण त्याची नोंद कामाला येण्यासाठी दुसऱ्यांच्या नोंदी शेजारी असाव्या लागतात.

या कामात एका भारतीय माणसाचं नाव फार आदराने घेतलं जातं. राधागोविंद चंद्र. जन्म १८७८ चा, गाव आजच्या बांगलादेशातल्या जेसोरजवळचं. प्रवेश परीक्षा, म्हणजे त्या काळची मॅट्रिक, काही पास होता आली नाही, म्हणून जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी धरली. दिवसभर नाणी पारखायची आणि रात्री तारे. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात अचानक एक नवतारा चमकला, तो त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपला आणि हार्वर्डला कळवलं. तिथून त्यांचा या संघटनेशी संबंध जुळला. त्यांच्या कामाची किंमत ओळखून तिने १९२६ मध्ये त्यांच्यासाठी अमेरिकेहून सहा इंची दुर्बीण पाठवली. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले. १९५४ पर्यंत त्यांनी पाठवलेल्या नोंदी भरतात ३७ हजारांहून अधिक! ती दुर्बीण त्यांनी स्वतःजवळ ठेवली नाही. ती खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली आणि पुढे तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. हे वाचलं, की मला प्रत्येक वेळी भरून येतं. पदवी नाही, वेधशाळा नाही, आणि तरी जगाच्या कामात आपला वाटा एवढा चोख उचलायचा.

या नोंदींना आजच्या काळात किंमत किती, असं कुणी विचारलं तर मी हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याची हकीकत सांगतो. त्याचं नाव एसएस सिग्नी. ही खरं तर एक जोडी आहे. एका ताऱ्याचा वायू शेजारच्या श्वेत बटूभोवती, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या घट्ट गाभ्याभोवती, चकतीसारखा जमत जातो, आणि दर काही आठवड्यांनी ती चकती तापून उजळते. बाराव्या प्रतीचा तारा एकदोन दिवसांत आठव्या प्रतीपर्यंत चढतो. १८९६ मध्ये हार्वर्डच्या लुईझा वेल्स यांनी तो शोधला, आणि तेव्हापासून निरीक्षकांनी त्याची पाठ सोडलेली नाही. पुढे हबल दुर्बिणीने त्याचं अंतर मोजलं ते पाचशे प्रकाशवर्षांहून अधिक निघालं. एवढ्या लांब असेल तर तो आपल्या हिशेबापेक्षा फारच तेजस्वी ठरत होता, आणि अशा चकत्या कशा उजळतात याचं सगळं शास्त्र डळमळत होतं. रेडिओ दुर्बिणींनी अंतर पुन्हा मोजायचं ठरलं. अडचण ही, की रेडिओ लहरींत तो पुरेसा दिसतो तो उजळतानाच. तो कधी उजळेल हे आधी सांगता येत नाही, आणि मोठ्या दुर्बिणी एकाच ताऱ्याकडे रोज वळवून ठेवता येत नाहीत. तेव्हा पहारा दिला तो हौशी निरीक्षकांनी. तारा चढायला लागला की ते कळवायचे आणि रेडिओ दुर्बिणी वळायच्या. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला. अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षं, आणि शास्त्राचा हिशेब बरोबर होता.

या पहाऱ्यात आपली जागा कुठे? हंस आपल्या माथ्यावर येतो तो नेमका पावसाळ्याच्या रात्री. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग. त्या महिन्यांची नोंद युरोप-अमेरिकेतले निरीक्षक भरून काढतात. त्याची परतफेड आपण हिवाळ्यात करू शकतो, कारण तेव्हा त्यांच्याकडे ढग आणि बर्फ असतं, आणि दख्खनच्या पठारावर रात्रीमागून रात्री आकाश स्वच्छ. शिवाय पृथ्वी फिरते. अमेरिकेत उजाडलेलं असतं तेव्हा आपल्याकडे अंधार. तासातासाला बदलणाऱ्या ताऱ्यासाठी भारताच्या रेखांशावरचा माणूस हवाच असतो. तिथे रिकामी राहिलेली जागा दुसरं कुणी सहज भरू शकत नाही.

आपल्याकडे या छंदाची परंपराही लहान नाही. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, ती देशातली हौशी खगोलप्रेमींची सर्वांत जुनी संस्था. १९८६ मध्ये आलेल्या हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं. अमावास्येच्या आगेमागे लोकलने वांगणीला जायचं, विजेरीला लाल जिलेटीन कागद लावायचा, सतरंजीवर आडवं होऊन पहाटेपर्यंत आकाश वाचायचं, यात मुंबईतल्या कितीतरी मुलांनी आपली पहिली काळोखी रात्र पाहिली. शनीची कडी पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो मला अजूनही पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो. पण त्याच्या पुढची पायरी आपण फारशी चढत नाही, असं माझं मत आहे. रात्र जागवणारे पुष्कळ, फोटो काढणारेही आता पुष्कळ, आकडा लिहून पाठवणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे बदलायला हवं, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

सुरुवातीला अल्गोल घ्या. ययाती तारकासमूहातला हा तारा हिवाळ्याच्या संध्याकाळी उंचावर असतो. त्याच्याभोवती एक मंद जोडीदार फिरतो आणि दर २ दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी त्याला ग्रहण लावतो. पाच तासांत अल्गोल २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो आणि पुढच्या पाच तासांत पुन्हा चढतो. इंग्लंडमधल्या यॉर्क गावी १७८२ च्या नोव्हेंबरात जॉन गुडरिकने या उतारचढावाचा माग काढायला सुरुवात केली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नव्हतं. शेजारी राहणारे एडवर्ड पिगॉट हे त्याचे सोबती. दोघं पाहायचे, नोंदी करायचे, त्या ताडून पाहायचे. पुढच्याच वर्षी गुडरिकने कालावधी जाहीर केला, आणि जोडीदार आड येत असावा ही शक्यताही मांडली.

तुम्हीही असा एक सोबती शोधा. एक जण साताऱ्यात, दुसरा नागपुरात असला तरी उत्तम. खगोलप्रेमींच्या संस्थांकडे अल्गोलच्या ग्रहणांच्या वेळा मिळतात. अशी एक रात्र ठरवा, दर अर्ध्या तासाने अंदाज घ्या, आणि पहाट होईपर्यंत एकमेकांना आकडे सांगू नका. तुलनेसाठी देवयानीतला आल्माक घ्या, त्याची प्रत २.१, आणि ययातीतलाच, नकाशावर ग्रीक अक्षराने दाखवलेला एप्सिलॉन घ्या, त्याची २.९. अल्गोल त्याहूनही खाली गेला, की ययातीतलाच ३.८ प्रतीचा कॅपा हा तारा कामाला येईल. अल्गोलच्या अगदी जवळचा ऱ्हो मात्र तुलनेला घेऊ नका, कारण तो स्वतःच रूपविकारी आहे.

नमस्कार.