बेळगावची दुपार आणि जहाजावरचं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार. अंगणात एक काठी सरळ रोवा आणि तिची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघा. बेळगाव-खानापूर भागात ते बाराला होणार नाही, साडेबाराच्या मागेपुढे होईल. देशाचं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशावर, आपण आहोत ७४.५ च्या आसपास. आठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, झाली ३२ मिनिटं. शाळेत रेखांश नुसता नकाशावर शिकवतात, त्याऐवजी प्रत्येक शाळेच्या पटांगणात अशी काठी हवी.

एक अंश, चार मिनिटं. खलाशाचं गणित एवढंच. सूर्य माथ्यावर आला की जहाजावर बारा. त्या क्षणी निघालेल्या बंदराची वेळ कळली, की फरकावरून रेखांश निघतो. पण ती वेळ सांभाळणार कोण? डोलत्या जहाजात लंबक चुकतो, उष्णतेने धातू वाढतो, थंडीने तेल घट्ट होतं.

हे कोडं सोडवलं इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने. तो मुळात सुतार. त्याचं चौथं घड्याळ, सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचं, १७५९ मध्ये तयार झालं. उष्णतेवर उपाय म्हणून आत पितळ-पोलादाची जोडपट्टी.

नोव्हेंबर १७६१ मध्ये 'डेप्टफर्ड' जहाज हे घड्याळ घेऊन पोर्ट्समथहून जमैकाला निघालं. सोबत हॅरिसनचा मुलगा विल्यम. वाटेत जहाजावरची बिअर नासली, खलाशांवर पाणी पिण्याची पाळी आली. सगळ्यांचे डोळे वाटेतल्या मदेरा बेटांकडे. कप्तान डिग्जच्या अंदाजाने जहाज होतं पोर्ट्समथच्या पश्चिमेला १३ अंश ५० कलांवर (साठ कलांचा एक अंश). विल्यम म्हणाला, घड्याळ १५ अंश १९ कला सांगतंय. वेळेत हा फरक जेमतेम सहा मिनिटांचा, पाण्यावर मात्र जवळपास १४० किलोमीटरचा! घड्याळच चुकलंय, असं म्हणत कप्तानाने एकास पाच पैज लावली. विल्यम हटला नाही. हीच दिशा धरा, उद्या मदेरातलं पोर्तो सांतो बेट दिसेल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेट समोर! असं घड्याळ विकायला निघालं की पहिलं मला द्या, असं कप्तानाने तिथेच सांगून टाकलं.

जमैकापर्यंत ८१ दिवसांत चूक निघाली सुमारे पाच सेकंदांची. घड्याळ रोज किती मागे पडतं, तो हिशेब धरून. घरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवण्याची सवय मला पटत नाही ती यासाठीच. पुढे अशी घड्याळं जहाजोजहाजी गेली तेव्हाही खलाशी रोज ठरल्या वेळी किल्ली देत, काट्यांना हात लावत नसत आणि रोजचा फरक वहीत मांडून ठेवत.