बारामती ते नांदेड, मायक्रोलाइटने: एका टप्प्याचा हिशोब

मंडळी, १९८८ साली उद्योगपती विजयपत सिंघानिया मायक्रोलाइटने, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाने, लंडनहून अहमदाबादला आले, त्याला २३ दिवस लागले. १९९८ साली ब्रायन मिल्टन या ब्रिटिश वैमानिकाने उघड्या ट्राइकमधून (कापडी पंखाखाली टांगलेल्या तीनचाकी मायक्रोलाइटमधून) १२० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा प्रवासांचं नाव निघालं की आपण धाडसाबद्दल बोलतो. धाडस लागतंच. पण प्रवास तडीला जातो तो रोजच्या तीन-चार तासांच्या टप्प्याच्या हिशोबावर. म्हणून आज एकच टप्पा नीट बघू, तोही आपल्या ओळखीच्या मुलखातला: बारामती ते नांदेड, जानेवारीतली सकाळ.

विमान धरू दोन आसनी ट्राइक, मागे रोटॅक्स ९१२ इंजिन, ८० अश्वशक्तीचं. टाकी ६५ लिटरची, तासाला १३ लिटर खर्च, म्हणजे पाच तासांचं पेट्रोल. त्यातला एक तास राखीव. तो मोजायचाच नाही, जणू टाकी ५२ लिटरचीच आहे. हवेतला वेग ताशी १०० किलोमीटर धरला तर वारा नसताना पल्ला ४०० किलोमीटर. बारामती-नांदेड सरळ रेषेत ३०० च्या थोडं वर. कागदावर सगळं आरामात बसतं.

आता वारा घाला. हिवाळ्यात मराठवाड्यावर वारा बहुतेक पूर्वेचा नाहीतर ईशान्येचा, म्हणजे आपल्या तोंडावर. तो ताशी ३० किलोमीटर असेल तर जमिनीवरचा वेग उरतो ७०. तीन तासांचा प्रवास चार तास वीस मिनिटांवर जातो आणि राखीव पेट्रोलाला हात लागतो. मोठ्या विमानाला ३० चा वारा म्हणजे किरकोळ बाब. आपला मात्र जवळजवळ एक तृतीयांश वेग तो खाऊन टाकतो. मायक्रोलाइटच्या लांब प्रवासातली सगळी गणितं या एका गोष्टीभोवती फिरतात.

यावर उपाय नकाशातच आहे. लातूर वाटेच्या किंचित दक्षिणेला, बारामतीपासून दोनशे किलोमीटरवर. तिथे उतरून नांदेडला गेलं तर एकूण अंतर पंधरा-वीस किलोमीटरनेच वाढतं. लातूरला थांबायचं की नाही हे हवेत ठरवायचं नाही. निघण्याआधी कागदावर लिहायचं: पहिल्या अर्ध्या तासात ४० किलोमीटरपेक्षा कमी कापलं, तर लातूर. बारामतीहून उजनीचं पाणी साधारण तेवढ्याच अंतरावर येतं, त्यामुळे घड्याळाशी ताळा करायला ते चांगलं. पुढे कुर्डुवाडीपासून बार्शी, धाराशिव, लातूर असा रेल्वेमार्ग सापडतो. जीपीएस बंद पडलं तरी रूळ बंद पडत नाहीत. वाट चुकलीच तर साठाचा नियम लक्षात ठेवा: ६० किलोमीटरनंतर रेषेपासून ५ किलोमीटर बाजूला असाल, तर दिशा ५ अंशांनी चुकली आहे.

निघायचं सूर्योदयाला. आपल्याकडे दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडायची मुभा सूर्योदयाआधी २० मिनिटांपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंत. दृश्यमानता पाच किलोमीटर हवी, आणि उजनीच्या पाण्यावर जानेवारीत धुकं साचतं. मग सूर्य वर येईपर्यंत वाट बघायची, दुसरा इलाज नाही. उलट दहा-अकरानंतर काळी जमीन तापून थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, सुटतात. ट्राइकमध्ये वजन सरकवूनच वळायचं असतं, त्यामुळे खडबडीत हवेत दोन तास बार (पंखाला जोडलेला हातातला दांडा) सांभाळला की दंड भरून येतात आणि उतरताना हात जड पडतो. एप्रिल-मे मध्ये आणखी एक भर. लातूरची धावपट्टी सुमारे २००० फुटांवर. ३५ अंश तापमानाला तिथली हवा प्रमाण (हिशोबासाठी ठरवलेल्या सरासरी) वातावरणातल्या जवळपास ५००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. धाव लांबते, चढ मंदावतो. दोघं बसून भरल्या टाकीने दुपारी उडणं टाळाच.

पेट्रोलाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. पंपावर आता सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ९१२ साठी मान्य मर्यादा आहे १० टक्के. इथेनॉल पाणी ओढून घेतं. त्यापासून टाकी, नळ्या आणि रबरी सील यांनाही धोका असतो. पर्याय म्हणजे अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानांचं पेट्रोल, पण ते प्रत्येक धावपट्टीवर नसतं. म्हणून लातूरला पेट्रोल आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा. अ‍ॅव्हगॅसमध्ये शिसं असतं आणि त्याचा गाळ तेलाच्या टाकीत आणि गिअरबॉक्समध्ये बसतो. त्यामुळे तेल १०० तासांऐवजी ५० तासांनी बदला. कॅनमधून भरताना कॅन जमिनीवर टेकवा, विमानाला अर्थिंग द्या आणि फनेलला गाळणी लावा.

तेल तपासायची या इंजिनाची रीत वेगळी आहे. इग्निशनचे दोन्ही स्विच बंद आहेत ना, ते आधी बघा. मग प्रोपेलर हाताने, फिरायच्या दिशेनेच, हळूहळू फिरवा. तेलाच्या टाकीतून गुडगुड आवाज आला की तेल इंजिनातून परत आलं, मगच तेल मोजायची कांडी बघा. उलट फिरवलं तर व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटमध्ये हवा शिरू शकते. तेल ५० अंशांपर्यंत तापल्याशिवाय उड्डाण करू नका. दमट सकाळी कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, तोही बाहेर १५ अंश असताना. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात आणि मग ते खडखडायला लागतं. कार्ब्युरेटर गरम ठेवायची सोय असेल तर उतरायला लागण्याआधीच सुरू करा.

प्रोपेलर तुमच्या पाठीमागे आहे, हे क्षणभरही विसरू नका. पेन, हातमोजा, टोपी, कॅमेऱ्याचं झाकण, जे काही सुटेल ते त्यातच जातं. प्रत्येक खिशाला चेन हवी, प्रत्येक वस्तूला दोरी हवी. दर मुक्कामी पात्यांच्या कडेवरून बोट फिरवा. चाकांनी उडवलेल्या खड्याचा टवका डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो.

उघड्यावर थंडीचाही हिशोब लागतो. पाच अंशांच्या हवेत ताशी १०० च्या वेगाने अंगाला शून्याखालची थंडी वाजते. बोटं बधिर झाली की रेडिओची बटणं सापडत नाहीत.

कागदपत्रं आदल्या दिवशी उरकायची. उड्डाण योजना भरायची, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे क्रमांक घ्यायचे. ते गुडघ्यावरच्या पाटीवर मोठ्या आकड्यांत लिहायचे, कारण रेडिओवर पहिल्यांदा तेच विचारतात.

लातूरला उतरलात की वाऱ्याकडचा पंख खाली करून ट्राइक बांधा, खुंट्या ठोका. मग चहाआधी फोन: उतरल्याची खबर देऊन उड्डाण योजना बंद करा. ती उघडी राहिली तर ठरल्या वेळेनंतर तुमची शोधाशोध सुरू होते.