पाकळीचा ल, देठाचा श

नमस्कार श्रोतेहो.

सोसायटीच्या आवारातल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या असतात, शाळेच्या निसर्ग मंडळाचा अंक सजवायचा असतो, ऐरोलीच्या खाडीवर मुलांना नेण्याआधी खारफुटीची माहिती छापायची असते. मुंबईत अशी कामं सतत निघतात. मग आपण वर्ड नाहीतर लिब्रेऑफिस उघडतो आणि फॉन्टच्या यादीत पानाफुलांचं काही मिळतंय का, ते शोधू लागतो. आज त्या शोधाविषयीच बोलायचं आहे.

पहिली अडचण लगेच येते. वेलबुट्टीचा एखादा देखणा फॉन्ट यादीत दिसतो. आपण ‘तामण’ हा शब्द निवडून त्यावर क्लिक करतो, पण अक्षर आहे तसंच राहतं. संगणक बिघडलेला नसतो. त्या फॉन्टमध्ये फक्त रोमन अक्षरं असतात, म्हणून मराठी मजकुराला वर्ड आपल्याकडचा देवनागरी फॉन्ट लावतो, मंगल किंवा निर्मला. त्यातला मंगल र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईत अक्षरांवर आयुष्य वेचलेला हा माणूस. त्यांचं काम रोज आपल्या डोळ्यांसमोर असतं, म्हणून नाव आवर्जून घेतलं.

रोमनमध्ये वेलींचे फॉन्ट भरपूर आहेत. जर्मनीत १९०४ साली निघालेला अर्नोल्ड बॉक्लिन पाहा, त्याची अक्षरं वेलीसारखी वळत जातात. तिथे प्रत्येक अक्षर सुटं असतं, त्यामुळे मोजक्या आकृत्या सजवल्या की भागतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि शेकडो जोडाक्षरं, सगळ्यांना तोच साज चढवावा लागतो. म्हणून आपल्याकडे असे फॉन्ट कमी, आणि जे मिळतात त्यांतही काही अक्षरं राहून गेलेली असतात. नवा फॉन्ट आणलात की आधी या शब्दांवर पारखा: दऱ्याखोऱ्या, कर्दळ, वृक्ष, अळू, ॲस्टर. ‘दऱ्या’मधला अर्धा र मोडला किंवा ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, तर तो फॉन्ट कितीही सुंदर असो, मराठीच्या कामाचा नाही.

आणि एक कळकळीची विनंती. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमनला ते शोभतं. आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

मग सजवायचं कसं? मला मनापासून आवडणारी एक रीत सांगते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा मोदक नावाचा फॉन्ट आहे, मोफत मिळतो. अक्षरं गुबगुबीत, आतल्या पोकळ्या बारीक फटींएवढ्या. लिब्रेऑफिसमध्ये अक्षरं सजवण्याची फॉन्टवर्क नावाची सोय आहे, तिथे ‘पिंपळ’ हा शब्द मोदकमध्ये लिहा आणि रंगाऐवजी त्यात पानाचा जवळून काढलेला फोटो भरा. जाड अक्षरात पानाच्या शिरा स्पष्ट उमटतात. बारीक अक्षरात हाच फोटो भरला तर नुसते डाग दिसतात. हे फक्त नावापुरतं करा. खालची माहिती साध्या, स्वच्छ अक्षरातच हवी, नाहीतर पाटीपुढे उभा राहिलेला माणूस वाचायचंच सोडून देईल.

कमल शेडगे यांनी केलेली नाटकांच्या नावांची अक्षरं आठवा. नाटकाचा भाव ते अक्षराच्या वळणातच आणत. म्हणून मला वाटतं, अक्षराभोवती पानं चिकटवण्याआधी अक्षरातच झाड कुठे आहे ते शोधावं. ते आहेच! राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे. संगणकावर मात्र पुष्कळदा हिंदी वळणाचा ल आणि श उमटतो. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा हिंदीऐवजी मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ती पाकळी आणि तो देठ आपोआप येतो. नोटो सान्स देवनागरी या फॉन्टवर करून पाहा. ‘शेवंती’ आणि ‘लाजाळू’ लिहा, मोठ्या आकारात, आणि भाषा बदलताना पडद्याकडे लक्ष ठेवा. फार आनंद होतो.

युनिकोड, म्हणजे संगणकाने प्रत्येक लिपीच्या अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक, न पाळणारे जुने सजावटी फॉन्ट मात्र जपून वापरा. त्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘लाजाळू’ची जागा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ घेतो. छपाईला देताना पीडीएफ करूनच द्या आणि त्यात फॉन्ट समाविष्ट झालाय ना, हे पाहून घ्या. पाटी उन्हापावसात राहणार असेल, तर एक प्रत साध्या कागदावर काढून झाडाला टेकवा आणि चार पावलं मागे जाऊन वाचा. तिथून नाव वाचता आलं, की मगच पक्की छापायला द्या.

नमस्कार.